पंचायतीतल्या खोट्या बिलाची तक्रार केली तर कायदा माझं नाव झाकेल का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून तुम्ही विचारलंय की गटार न बांधताच बिल निघालं, तर तक्रारदाराला 'व्हिसलब्लोअर' (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठीच्या) कायद्याचं संरक्षण मिळतं ना? मिळत नाही.

2014 चा कायदा आहे म्हणून छातीठोक सांगणारे आपल्या सीमाभागात पुष्कळ, आणि त्यांच्याशी माझा वाद जुना आहे. त्या कायद्यावर 9 मे 2014 ला राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागू करणारी अधिसूचना केंद्रानं काढलीच नाही. तक्रारदाराला वसुलीतला 15 ते 30 टक्के वाटा मिळतो असं जे ऐकता, ते अमेरिकेतलं. इथे एक रुपयाही नाही.

हातात आहे तो केंद्राचा 21 एप्रिल 2004 चा ठराव, पीआयडीपीआय, म्हणजे जनहितासाठी माहिती उघड करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणारा. महामार्गातली लबाडी कळवणाऱ्या सत्येंद्र दुबे यांचा 2003 मध्ये गयेत खून झाला, त्यानंतर तो आला. बंद पाकीट, वर 'पीआयडीपीआय' असा ठळक उल्लेख, पत्ता केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांचा. पाकिटावर स्वतःचं नाव घालायचं नाही, आत मात्र नाव-पत्ता हवाच, निनावी पत्र चालत नाही. ईमेल केला की संरक्षण गेलं. मजकुरात 'मी पाच वेळा पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) भेटलो' असं लिहून ओळख पटू दिली, तर पाकीट चिकटवून उपयोग काय? पण हे सगळं रेल्वे, पोस्ट, सरकारी बँका अशा केंद्राच्या ठिकाणांपुरतं. निधी दिल्लीहून आला तरी पंचायतीची माणसं राज्याची, तिथे हा ठराव चालत नाही.

तुमच्यासाठी वाट कर्नाटकच्या लोकायुक्तांची. फॉर्म 1 मध्ये तक्रार, फॉर्म 2 मध्ये प्रतिज्ञापत्र, आणि कृत्याला पाच वर्षं उलटायच्या आत. चौकशी सुरू करायचं ठरलं की लोकायुक्त कायद्याच्या कलम 9 प्रमाणे तक्रारीची प्रत त्याच अधिकाऱ्याकडे जाते, म्हणजे नाव फुटणारच. म्हणून सही करण्याआधी कागद पक्के हवेत. अंदाजपत्रक, कार्यादेश, एमबीची (कामाच्या मोजमाप वहीची) पानं आणि बिल, सगळ्याच्या प्रमाणित प्रती. बिनकामाचं बिल एमबीतल्या मापांवरच पकडलं जातं. माहिती अधिकारात कामाची पाहणीही मागता येते. कर्नाटकात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा, फी 10 रुपये, प्रत 2 रुपये पान. शक्य तर तो परगावच्या माणसाच्या नावानं टाका, नाहीतर तक्रारीआधीच गावभर होतं.

आता भाषा. 'अर्ज मराठीतच दे' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. घटनेच्या कलम 350 नं गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क आहे, पण माहिती अधिकाराच्या कलम 6 मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच, म्हणजे इथे कन्नड. भाषेचं भांडण वेगळ्या अर्जात भांडा, गटाराच्या अर्जात नको.

आणि हो, लोकायुक्तांकडे मुद्दाम खोटी तक्रार केली तर तुम्हालाच कैद होऊ शकते.

गुन्हा दाखल होऊन तुम्ही साक्षीदार झालात आणि धमकी आली, तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करा. निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे असतो, आणि डीवायएसपीनं धोक्याचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. धमकीचा फोन आला की तारीख-वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा.