बेकारी भत्ता: आधी दावा नोंदवा, साहेबांची तक्रार नंतर

मालाडच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं: अंधेरीच्या एमआयडीसीत कंत्राटदारामार्फत चार वर्षं पॅकिंग खात्यात काम केलं. पगार 18,000 रुपये, ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, हप्ता दर महिन्याला कापला जायचा. 30 जून 2025 ला सुपरवायझरने 'उद्यापासून येऊ नका' असं सांगितलं. महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतला बेकारी भत्ता मागायला ते त्यांच्या शाखा कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी एकदा 'पोर्टल बंद आहे' म्हणून परत पाठवलं, एकदा 'स्कीम संपली' म्हणून, आणि शेवटी 'रेकॉर्डला लेफ्ट सर्व्हिस लागलंय, मालकाकडून बदलून आणा' म्हणून. कंत्राटदार फोन उचलत नाही. ऑगस्टच्या मध्यापासून ते अ‍ॅपवर डिलिव्हरी करतात. सात महिने गेले. त्यांना विचारायचंय, या अधिकाऱ्यांची तक्रार कुठे करायची?

अशी पत्रं वरचेवर येतात. शाखा बदलते, उत्तरं तीच असतात. तुमच्या पत्रात मी एकच गोष्ट शोधत होतो, ती मिळाली नाही: दाव्याचा क्रमांक. तुम्ही खेपा घातल्या, पण दावा केलेला नाही. खिडकीपाशी उभं राहून विचारलं आणि समोरच्याने मान हलवली, याची सरकारी दप्तरात कुठेही नोंद नसते. त्या अधिकाऱ्यांनी तुमचा अर्ज नाकारलाच नाही, कारण अर्जच नव्हता. उद्या तक्रार केलीत तर ते हेच लिहून देतील, आणि ते खरं ठरेल.

इथे सगळं एका मुदतीवर येऊन थांबतं. कर्मचारी राज्य विमा कायदा 1948, कलम 77. विमा न्यायालयात जायला तीन वर्षं मिळतात, एवढंच लोकांच्या कानावर असतं. त्याच कलमाचं स्पष्टीकरण कुणी वाचत नाही. त्यात म्हटलंय की लाभ देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत विमाधारकाने रीतसर दावा केला नसेल, तर न्यायालयात जाण्याचं कारणच निर्माण झालं असं मानलं जाणार नाही. म्हणजे बारा महिन्यांत कागद दाखल झाला नाही, तर पुढची तीन वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण त्यासाठी पटण्याजोगं कारण लागतं. 'साहेब तोंडी नाही म्हणाले' हे कारण सिद्ध कशाने करणार? एकाही खेपेची पोच तुमच्याकडे नाही.

या योजनेत नोकरी गेल्यावर 30 दिवसांनी रक्कम देय होते. त्या हिशोबाने तुम्हाला जुलै 2026 अखेरपर्यंत वेळ आहे असा युक्तिवाद करता येईल. तो करायची वेळच येऊ देऊ नका. नोकरी गेल्याच्या तारखेपासून मोजा आणि 30 जून 2026 ही शेवटची तारीख धरा. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. विमा न्यायालय तिच्यातही आहे. तुमची नोकरी त्याआधी गेली, म्हणून मी जुन्या कायद्याचीच मुदत आणि कलमं धरून सांगतो आहे.

आता 'मालकाकडून आणा' या उत्तराबद्दल. 2018 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा दावा शेवटच्या मालकामार्फत यायचा, म्हणून हे उत्तर जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी बसलेलं आहे. 2020 मध्ये ती अट काढली. कामगाराने दावा थेट द्यायचा, मालकाकडून पडताळणी शाखेने करायची आणि पैसे थेट बँक खात्यात. त्याच वेळी भत्ता सरासरी रोजच्या पगाराच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्के झाला, आणि 90 दिवसांऐवजी 30 दिवसांनी दावा करायची सोय झाली. 'स्कीम संपली' हे उत्तरही असंच. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, आणि तुमच्यासाठी नोकरी गेल्याची तारीख महत्त्वाची आहे, तुम्ही खिडकीवर गेलात ती नव्हे. पुन्हा कुणी असं म्हणालं तर वाद घालू नका. 'परिपत्रकाचा क्रमांक अर्जावर लिहून द्या' एवढंच म्हणा.

या आठवड्यात करायचं काम असं. ईएसआयसीच्या संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन करा आणि या योजनेचा दावा ऑनलाइन भरा. आधार आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची स्कॅन प्रत तिथेच चढवा. दाव्याचा क्रमांक येईल, तो पडद्यासकट छापून घ्या. पोर्टल खरंच बंद असेल तर त्या पानाचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढा. मग दाव्याच्या छापील प्रतीवर सही करा, सोबत शाखा व्यवस्थापकांच्या नावे पत्र जोडा आणि दोन प्रती घेऊन शाखेच्या आवक टेबलावर जा. ज्या अधिकाऱ्यांनी तुम्हाला फिरवलं त्यांच्याकडे जायचंच नाही. आवक टेबलाचं काम कागद घेऊन शिक्का मारण्याचं आहे, पात्रता तपासण्याचं नाही. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तुमच्या प्रतीवर हवा. घ्यायला नकार दिला तर तिथे थांबू नका. त्याच दिवशी तेच पाकीट स्पीड पोस्टने शाखा व्यवस्थापकांना पाठवा. एक प्रत तुमची शाखा ज्या कार्यालयाखाली येते तिथे, म्हणजे लोअर परळच्या पंचदीप भवनात किंवा मरोळच्या उपप्रादेशिक कार्यालयात. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे 'रजिस्टर एडीच लागते' म्हणून अडून बसू नका. पोचल्याची ऑनलाइन नोंद लगेच छापून ठेवा.

पत्र एका पानाचं असू द्या. विमा क्रमांक, मालकाचा कोड (पगारपत्रकावर किंवा तुमच्या ईएसआयसी नोंदीत सापडेल), कामाचा शेवटचा दिवस, दाव्याचा क्रमांक. मग सरळ वाक्यं: 'मी राजीनामा दिलेला नाही. 30 जून 2025 रोजी मला कामावरून तोंडी कमी करण्यात आलं. शिस्तभंगाची कोणतीही कारवाई माझ्यावर झालेली नाही. माझा दावा अमान्य असेल तर कारण लेखी कळवावं.' आधीच्या खेपांच्या तारखा आठवतील तेवढ्या लिहा. मोबाइलमधला लोकेशनचा इतिहास, रिक्षाचं ऑनलाइन पेमेंट, यातून काही मिळतात. अधिकाऱ्यांच्या वागण्याबद्दल या पत्रात एक शब्दही नको. दाव्याच्या कागदाला तक्रारीचं रूप आलं की तो दुसऱ्या टेबलावर जातो.

'लेफ्ट सर्व्हिस'चा मुद्दा मात्र खरा आहे, तो झटकता येणार नाही. मालक दर महिन्याचं अंशदान (विम्याचा हप्ता) भरतो तेव्हा ज्याचे दिवस शून्य त्याच्यापुढे कारणाचा आकडा टाकतो. 2 म्हणजे नोकरी सुटली, 10 म्हणजे कामगारकपात, 11 म्हणजे काम नाही. कंत्राटदाराचा अकाउंटंट सगळ्यांना सरसकट 2 लावतो, कारण त्यापुढे प्रश्न येत नाहीत. योजनेत स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला भत्ता नाही. पण 2 या आकड्याने नोकरी संपली एवढंच कळतं, ती कुणी संपवली ते कळत नाही. हा मुद्दा मला भक्कम वाटतो. शाखा मान्य करेलच अशी हमी देत नाही, कारण तुमच्या पत्रातली एक ओळ मला खटकते आहे: 'हिशोबाच्या वेळी दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या.' ते कागद वाचले नाहीत, प्रत मागितली नाही. त्यात राजीनामा असेल तर प्रकरण बरंच अवघड होतं. जबरदस्तीचा राजीनामा सिद्ध करता येतो, पण साक्षीपुराव्याने, आणि त्याला काळ लागतो. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करून हिशोबाचा चेक घेणं ही आपल्याकडची इतकी रुळलेली सवय आहे की कंत्राटदार तिच्यावरच विसंबून असतात. त्या दिवशी तुमच्याबरोबर किती जणांना कमी केलं, त्यांची नावं, सुपरवायझरचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप, गेटपास परत घेतल्याची नोंद, हे आत्ता जमवा. आणखी एक: पीएफ काढताना नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण तुम्ही स्वतः ऑनलाइन भरलं असेल तर तिथे काय निवडलंत ते पाहा. दोन खात्यांत दोन कारणं असली की समोरची बाजू सोयीचं ते उचलते.

पात्रतेचे आकडे तुमच्या बाजूने दिसतात, तरी नोंद उघडून तपासा. विमायोग्य नोकरी किमान दोन वर्षं हवी. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान काळात (हा सहा महिन्यांचा टप्पा), तुमच्या बाबतीत ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 मध्ये, किमान 78 दिवस, आणि त्याआधीच्या तीन काळांपैकी कुठल्याही एकात 78 दिवस. गडबड इथे दोन प्रकारे होते. कंत्राटदार बदलला की नवा माणूस जुना विमा क्रमांक न विचारता नवा काढतो, आणि तुमची चार वर्षं दोन क्रमांकांत विभागली जातात. तसं असेल तर आधार आणि दोन्ही क्रमांक देऊन ते जोडण्याचा अर्ज दाव्यासोबतच द्या, आधी जोडणी मग दावा असा क्रम लावू नका. दुसरं, 26 दिवस काम करून 12 दाखवलेले असतात. पगारपत्रकं जोडा. मालकाने अंशदान बुडवलं तरी विमाधारकाला लाभ देऊन रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार कलम 68 खाली महामंडळाला आहे. तो वापरायचा की नाही हे त्यांच्या हातात आहे, पण मागितल्याशिवाय कुणी वापरत नाही. बँकेचा आयएफएससीही पाहून घ्या. मालाड-कांदिवलीत कित्येकांची खाती देना बँकेतली, आणि ती 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेली. जुन्या कोडवर पैसे परत जातात आणि दावा 'निकाली' दिसत राहतो.

रक्कम किती? चार अंशदान काळांतल्या एकूण पगाराला 730 ने भागायचं. 18,000 प्रमाणे 24 महिन्यांचे 4,32,000, म्हणजे रोज सुमारे 592, त्याचे अर्धे 296. जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. साधारण 26,600 रुपये. पगार मधे वाढला असेल तर आकडा कमी येईल.

डिलिव्हरीचं काम लपवू नका. दुसरीकडे नोकरी लागल्यावर भत्ता थांबतो. अ‍ॅपवरचं काम ही तशी नोकरी नाही असं म्हणायला जागा आहे, कारण तिथे तुमचं ईएसआयसी कापलं जात नाही. पण खोटं निवेदन करून लाभ घेणं गुन्हा आहे (जुन्या कायद्याचं कलम 84), सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तशी शिक्षा झालेल्याला ही योजना कायमची बंद. ऑगस्टपासून काय करता ते लिहा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. एवढ्यावरून पूर्ण दावा गेला तरी जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे दिवस मागता येतात.

आता तक्रार. आवक क्रमांक हातात आल्यावर 30 दिवस थांबा. काही हललं नाही तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर कामगार मंत्रालयाखाली ईएसआयसी निवडून तक्रार टाका, 21 दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. 'शाखेशी संपर्क साधावा' अशा एका ओळीने ती बंद केली तर तिथेच अपील करा. बरोबरीने माहिती अधिकारात 10 रुपये भरून तीनच गोष्टी विचारा: दावा कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होता, त्यावरचे शेरे, आणि मालकाकडे पडताळणीचं पत्र कधी पाठवलं. ईएसआयसी केंद्राची आहे, अर्ज केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर करायचा, राज्याच्या नव्हे. तक्रारी ऐकण्यासाठी महामंडळाचा 'सुविधा समागम' दर महिन्याला होतो, तिथे ही फाईल घेऊन जा. त्या अधिकाऱ्यांचं नाव इथे घ्या, तारखांसह.

विमा न्यायालय शेवटी. महामंडळाचे वकील तिथे म्हणतील की ही कलम 46 मधली हक्काची रक्कम नाही, नुसती कल्याण योजना आहे. उत्तर देता येईल, पण 26,600 रुपयांसाठी तारखा किती पडतील ते सांगवत नाही. कामगार न्यायालयांमधल्या रिकाम्या जागा आणि तुंबलेले बोर्ड पाहता, हातावर पोट असलेल्या माणसाला तिथे पाठवताना मला रागच येतो. म्हणूनच काम शाखेच्या पातळीवर कागदाने उरकायचं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, आणि ती भत्त्यापेक्षा मोठी आहे. वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला कमी करताना औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांची भरपाई द्यावी लागे. चार वर्षांची भरपाई आणि नोटिशीचा पगार मिळून 50,000 च्या वर जातं. कंत्राटदार की मूळ कंपनी, जबाबदार कोण, यावर वाद होईल. पण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात समेटाचा अर्ज आत्ताच टाका. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षं होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत दोनच आहेत, आणि कोणती मुदत लागू यावर भांडण्यापेक्षा या महिन्यात अर्ज देणं स्वस्त. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. अर्जासोबत पगारपत्रक आणि ईएसआयसीची नोंद लागेल, आणि शाखेची शिक्का मारलेली पोच असेल तर तिचीही झेरॉक्स जोडा.