मुदत संपायला तीन आठवडे आणि तुम्ही अजून गॅरेजवाल्याच्या "करून देतो" वर

प्रश्न विचारणारे पुण्याचे आहेत. 2011 ची मर्सिडीज एस क्लास, हे तिसरे मालक. सकाळी गाडी पुढून डाव्या बाजूला बसलेली असायची म्हणून बाहेरच्या गॅरेजला दिली, त्याने 18 नोव्हेंबर 2023 ला एअर सस्पेन्शनचा (गाडी हवेवर उचलून धरणारी यंत्रणा) कॉम्प्रेसर, म्हणजे हवा भरणारा पंप, बदलून 1 लाख 10 हजार घेतले, मार्च 2024 मध्ये नवा कॉम्प्रेसरपण जळाला आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर "करून देतो साहेब" चालू आहे. आता विचारतायत, चीटिंगची पोलीस केस टाकू का?

कधी बीएमडब्ल्यूची टायमिंग चेन असते, कधी ऑडीचा गिअरबॉक्स, बाकी कहाणी हीच. पोलिसांचं सोडा. चीटिंगला सुरुवातीपासून फसवायचा हेतू दाखवावा लागतो, चुकीचं निदान म्हणजे फसवणूक नाही, ठाण्यात "हे सिव्हिल मॅटर आहे" ऐकून परत याल आणि त्यात पंधरा दिवस जातील. तेच तर तुमच्याकडे नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. बिल 18 नोव्हेंबर 2023 चं, म्हणजे मुदत 18 नोव्हेंबर 2025 ला संपते, हे लिहिताना हातात जेमतेम तीन आठवडे. मार्च 2024 पासून मोजा असं म्हणता येईल, मी स्वतःही म्हणेन, पण समोरचा वकील बिलाचीच तारीख धरणार, तेव्हा आपण आधीची तारीख धरून चालायचं. मेसेज, फोन, अगदी वकिलाची नोटीस पाठवली तरी मुदत वाढत नाही. आणि गॅरेजवाल्याने मुद्दा काढला नाही म्हणून सुटलो असंही नाही, स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल या 2009 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुदत ग्राहक आयोगाने स्वतःहून तपासायची. (तो निकाल जुन्या कायद्यावरचा, पण तरतूद तीच.) उशीर माफ होऊ शकतो, कारण पटलं तर, पण "तो रोज उद्या म्हणत होता" हे कारण पटेलच अशी खात्री मी देणार नाही.

तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, ग्राहक तक्रारींच्या सरकारी ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या टाका. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत आहे, फी शून्य. शून्य! आणि तुम्ही दीड वर्ष त्याला गुड मॉर्निंग पाठवताय.

दुसरी अडचण पुराव्याची. या गाड्यांमध्ये बऱ्याचदा हवा गळते एअर शॉकमधून (चाकाजवळचे हवेचे शॉक ॲब्सॉर्बर), त्यामुळे कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि जळतो, म्हणजे गळती न शोधता नुसता कॉम्प्रेसर बदलला तर दुसराही जाणारच. तुमच्या गाडीत हेच झालं असेल तर सेवेतली त्रुटी सरळ दिसते, पण ते माझ्या म्हणण्याने नाही, तज्ज्ञाच्या कागदाने सिद्ध होतं. म्हणून तक्रार टाकेपर्यंत गाडी कुठेही खोलू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून स्कॅन आणि लेखी निदान घ्या, तपासणीची तारीख गॅरेजवाल्याला आधी लेखी कळवा, आला नाही तरी हरकत नाही. तक्रारीतच ग्राहक कायद्याच्या कलम 38 खाली तपासणीची मागणी करा. व्हॉट्सॲप चॅट उडवू नका, त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागेल, ते आम्ही बघतो.

बिलावर 1 लाख 10 हजारातले फक्त 60 हजार दिसतायत, उरलेले कॅश, का तर जीएसटी वाचवायला. वाचला? उरलेल्या 50 हजारांचं काय होईल ते सांगणं कठीण आहे, चॅटमध्ये त्याने कुठे आकडा कबूल केला असेल तर शोधा. "इलेक्ट्रिकल पार्टला वॉरंटी नाही" या छापील ओळीला मात्र फार घाबरू नका, पार्टची वॉरंटी वेगळी आणि कामातला हलगर्जीपणा वेगळा, असं मांडता येतं. आयोगाला पटेल का, ते सदस्यांवर.

निकाल कधी? कायद्यात 3 महिने, तपासणी लागली तर 5. माझ्या कपाटात चार वर्षं पडलेल्या फाईली आहेत, त्या मनाची तयारी ठेवा.

आणि एक विचारायचं राहिलं, गाडी लग्नाला भाड्याने देता का? देत असाल तर तक्रार टाकायच्या आधी मला सांगा, कारण व्यावसायिक वापर निघाला तर तुम्ही ग्राहकच नाही असा पहिला मुद्दा येईल, आणि तो मला तुमच्याकडून कळायला हवा.