वाचकांचे प्रश्न : टेलिफोन एक्स्चेंज नेमकं कोणाचं?

प्रश्न : माझी मुलगी बुडापेस्टला शिकते. टेलिफोन एक्स्चेंजची कल्पना तिवादार पुश्काश यांची, असं तिथे अभिमानाने सांगतात म्हणे. आम्ही शाळेत बेलचं नाव शिकलो. आपण टेलिफोन खात्यात होतात, म्हणून विचारते. – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मुलीला सांगा की तिने ऐकलं ते खरं आहे आणि तुम्ही शिकलात तेही. बेलच्या यंत्राने दोन माणसं बोलू लागली. गावातली शंभर माणसं बोलायला लागली की पुढे काय करायचं, हा विचार पुश्काशनी केला.

१९७४ साली मी खात्यात लागले तेव्हा आमच्याकडे हाताचा बोर्ड होता. समोर जॅकच्या रांगा, पुढ्यात कॉर्डच्या जोड्या. कोणी टेलिफोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबराचं झाकण खाली पडायचं. मागची कॉर्ड त्याच्या जॅकमध्ये घालायची, ‘नंबर प्लीज’ म्हणायचं, पुढची कॉर्ड हव्या त्या जॅकमध्ये घालून घंटी द्यायची. आमचे १०० नंबर होते. त्या शंभरांना एकमेकांशी थेट जोडायचं ठरवलं असतं तर ४,९५० तारा ओढाव्या लागल्या असत्या. मध्ये बोर्ड होता, म्हणून १०० तारांत भागलं. हा हिशोब मी कागदावर पहिल्यांदा केला त्या दिवशी मला माझ्या खुर्चीचं मोल कळलं. लोक म्हणायचे, ‘नुसत्या दोऱ्या तर खुपसायच्या असतात!’ मला ते लागायचं.

पुश्काश १८४४ साली पेश्तमध्ये जन्मले. (बुडा आणि पेश्त एक होऊन बुडापेस्ट झालं ते १८७३ मध्ये.) रेल्वेचं काम, व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी काढलेली प्रवास कंपनी, अमेरिकेत सोन्याचा शोध, असं बरंच त्यांनी करून पाहिलं. तारायंत्रं एका ठिकाणी जोडावीत ही कल्पना त्यांच्या मनात आधीपासून होती. बेलचा टेलिफोन आला तसा ते एडिसनला जाऊन भेटले आणि पुढे युरोपात त्याचे प्रतिनिधी झाले.

आता पहिलं कोण? लोकांसाठी रीतसर चालणारं एक्स्चेंज जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी सुरू झालं, २१ ग्राहकांचं. ते पुश्काशचं नव्हे. पण कल्पना प्रथम पुश्काशनी मांडली, असं एडिसनने म्हटलं आहे. दोघांचे धंद्याचे संबंध होते, हे ध्यानात ठेवूनही मी एडिसनचा शब्द मानते. एवढ्या मोठ्या कल्पनेचं श्रेय माणूस उगाच दुसऱ्याला देत नाही.

१८७९ मध्ये पुश्काश पॅरिसच्या एक्स्चेंजच्या कामाला लागले. बुडापेस्टचं एक्स्चेंज त्यांचे धाकटे भाऊ फेरेन्त्स यांनी उभारलं. ते १ मे १८८१ रोजी सुरू झालं. (फुटबॉलवाले फेरेन्त्स पुश्काश ते हे नव्हेत. मुलीला तिथे ते नाव जागोजागी दिसेल.) या एक्स्चेंजमध्ये निकोला टेस्ला नावाचा पंचविशीतला तरुण काम करत होता. पुढे तो पुश्काशांच्याच ओळखीने पॅरिसला एडिसनच्या कंपनीत गेला. फेरेन्त्स १८८४ मध्ये वारले आणि बुडापेस्टचा कारभार तिवादारांकडे आला.

प्रश्न : मग पुश्काश यांना सरकारने मोकळेपणी काम करू दिलं का? – त्याच वाचक

उत्तर : तुम्ही हे विचारलंत याचा आनंद झाला, कारण आमच्या खात्याचा अर्धा इतिहास याच प्रश्नात आहे. हंगेरीत १८८८ च्या कायद्याने तार आणि टेलिफोन हा सरकारचा हक्क ठरला. खासगी माणसाला परवानगी लागणार. आपल्याकडे ते १८८५ च्या तार कायद्यानेच झालं होतं. नोकरीवर रुजू होताना आम्ही याच कायद्याला बांधले गेलो. लाइनवर ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम मी निवृत्तीपर्यंत पाळला आणि अजूनही पाळते.

त्या चौकटीत राहून पुश्काशनी जे केलं ते मला एक्स्चेंजहूनही मोठं वाटतं. १५ फेब्रुवारी १८९३ रोजी त्यांनी ‘टेलिफॉन हीर्मोन्दो’ सुरू केलं. हीर्मोन्दो म्हणजे बातमी सांगणारा. टेलिफोनच्या तारेवरून चालणारं हे वर्तमानपत्र होतं! सुरुवातीला ग्राहक होते साधारण ६०. घरात दोन कर्णे असत, एकेका कानाला एक. आवाज वाढवणारी यंत्रं तेव्हा नव्हती, म्हणून खणखणीत आवाजाची माणसं निवडायचे आणि ती आळीपाळीने मोठ्याने बातम्या वाचायची. कोणत्या वेळी काय लागणार ते ठरलेलं असे : बाजारभाव, बातम्या आणि संध्याकाळी ऑपेरा थेट रंगमंचावरून. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नाटकगृहातलं गाणं त्याच घटकेला ऐकू येणं म्हणजे काय, हे ट्रंक कॉलवर लांबच्या लेकाचा आवाज ऐकून रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत, म्हणून मला समजतं.

पुश्काशना मात्र हे जेमतेम २९ दिवस बघायला मिळालं. १६ मार्च १८९३ रोजी ते गेले, तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. सेवा इतरांनी चालवली, ग्राहक हजारांत गेले. १ डिसेंबर १९२५ रोजी बुडापेस्टमध्ये रेडिओ सुरू झाला. तो चालवणाऱ्या कंपनीच्या नावात ‘टेलिफॉनहीर्मोन्दो’ आधी होतं आणि ‘रेडिओ’ नंतर.