पिल्लाच्या ट्रेनिंगसाठी कोणतं पुस्तक वाचावं?

पाहुणे आले की पिल्लू अंगावर उड्या मारतं, म्हणून पुस्तक विचारलंय ना? मग आधी कॅरन प्रायर यांचं 'डोन्ट शूट द डॉग' घ्या. १९८४ चं आहे, पण अजूनही तितकंच कामाचं. बाई डॉल्फिनना शिकवायच्या. डॉल्फिनला ना पट्टा घालता येतो, ना फटका मारता येतो, त्यामुळे हवं ते घडलं की लगेच खाऊ, हाच मार्ग. पिल्लाचे चारही पाय जमिनीवर टेकले की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. उडी मारली की पाठ फिरवा. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवं. आजोबांनी लाडानं एक उडी चालवून घेतली की शिकवलेलं पाण्यात.

दुसरं, पॅट्रिशिया मॅकॉनल यांचं 'द अदर एंड ऑफ द लीश'. ते वाचून रविवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर कुत्री बघा. गर्दीत एखादं सारखी जांभई देतं, ओठ चाटतं, तोंड फिरवतं. लोक म्हणतात कंटाळलंय, पण बऱ्याचदा ते बावरलेलं असतं.

'मालक कोण ते दाखवा' सांगणारी पुस्तकं मात्र घेऊच नका. लांडग्यांच्या 'अल्फा'ची, म्हणजे कळपावर दादागिरी करणाऱ्या म्होरक्याची, कल्पना १९७० च्या ज्या पुस्तकातून पसरली, त्याचे लेखक डेव्हिड मीच यांनीच पुढे ती चुकीची ठरवली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं.

मराठीत वाचायचं तर व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. वानरांवरची कादंबरी आहे, ट्रेनिंगची नाही, पण प्राणी बघायचा कसा ते कळतं. करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा.