धातूंच्या मागावर जायचं, तर रसायनशास्त्र सोबत हवं

प्रिय विद्यार्थिनी,

बारावीनंतर रसायनशास्त्र घ्यावं की भूविज्ञान, असं तू विचारलं आहेस. संग्रहालयात गॅलेनाचे, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचे, चकचकीत चौकोनी स्फटिक पाहिल्यापासून शिसं, जस्त आणि चांदी इतक्या ठिकाणी एकत्र का सापडतात, हा प्रश्न तुझ्या डोक्यातून जात नाही. वडिलांना मात्र भूविज्ञान म्हणजे दगडांची नावं पाठ करणं वाटतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना वाचून दाखव. त्यांची शंका त्यातच फिटेल.

भूकवचातल्या सरासरी एक टन खडकात जस्त असतं ७० ग्रॅमच्या आसपास, शिसं साधारण १५ ग्रॅम आणि चांदी ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. खाणीतल्या खनिजात जस्त काही टक्के तरी लागतं. ते ५ टक्के धरलं, तर ही वाढ ७०० पट झाली. एवढा विखुरलेला धातू एका जागी आणण्याचं काम बहुतेक मोठ्या साठ्यांत पाण्याने केलेलं असतं. गाळाच्या खोऱ्यात चार-पाच किलोमीटर खाली अडकलेलं पाणी शंभर-दीडशे अंशांपर्यंत तापतं. ते समुद्राच्या कित्येक पट खारंही असू शकतं, आणि खरी गोम त्या खारटपणात आहे. क्लोराइडचे आयन धातूच्या आयनांभोवती जमतात, जटिल आयन तयार होतात, आणि एरवी न विरघळणारा धातू पाण्याबरोबर लांबवर वाहत जातो. शिसं आणि जस्त असंच जातं, चांदीही बऱ्याचदा याच वाटेने जाते. तिन्ही एकत्र सापडण्याचं हे एक मोठं कारण.

मग हा प्रवास थांबतो कुठे? मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. क्षारपरीक्षणात तू हायड्रोजन सल्फाइड वापरून शिशाचा काळा अवक्षेप मिळवला असशील. तो आम्लधर्मी द्रावणातही मिळतो. जस्ताचा पांढरा अवक्षेप मिळवायला मात्र अमोनिया घालून आम्ल मारावं लागतं. जमिनीखाली हेच घडतं. धातू वाहून आणणाऱ्या पाण्याला सल्फाइड भेटलं की गॅलेना आणि स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड) खाली बसतात आणि आम्ल मोकळं होतं. आजूबाजूला चुनखडक किंवा डोलोमाइट असेल, तर तो हे आम्ल संपवतो, स्वतः विरघळतो आणि नव्या खनिजाला जागाही करून देतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले शिसं-जस्ताचे साठे अशाच कार्बोनेट खडकांत आहेत, आणि त्यांच्या नावाने हा अख्खा प्रकार ओळखला जातो.

दुसरीकडे कारण वेगळं असतं. चांदीच्या अनेक शिरांत वर चढणारं पाणी दाब कमी होताच उकळतं, त्यातले वायू निसटतात आणि धातू खडकाच्या फटींत बसतो. समुद्रतळावर २ अंशांच्या पाण्यात ३५० अंशांचा द्राव मिसळला की काळ्या धुरासारखे सल्फाइडचे लोट उठतात. पॅसिफिकच्या तळाशी हे १९७९ साली पहिल्यांदा पाहिलं गेलं.

हे सगळं केवळ तर्काने जुळवलेलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात साल्टन सरोवराजवळ भूऔष्णिक ऊर्जेसाठी खोदलेल्या विहिरीतून अतिशय खारं, तापलेलं पाणी वर आलं, आणि नळांत जे किटण साचलं त्यात तांबं आणि चांदी भरपूर होती. खनिज तयार होताना प्रत्यक्ष पाहायला मिळालं! जुन्या साठ्यांसाठी पुरावा आणखी बारीक असतो. स्फटिक वाढताना त्यात द्रावाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब अडकतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक तापवून थेंबातला बुडबुडा कधी नाहीसा होतो हे पाहिलं, की तो अडकला तेव्हाचं किमान तापमान कळतं. गोठवून शेवटचा बर्फ कधी वितळतो हे पाहिलं, की खारटपणा कळतो. हेन्री सॉर्बी या इंग्रज भूवैज्ञानिकाने १८५८ साली या वाटेचा पाया घातला. हे काम शिकायला मिळालं तर सोडू नकोस.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पदवी भूविज्ञानात घे आणि रसायनशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत सोबत ठेव. ऊष्मागतिकी आणि द्रावणांचं रसायन टाळणारे विद्यार्थी पुढे साठ्याचं वर्णन करतात, पण पुढचा साठा कुठे असेल हे सांगताना अडखळतात. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग असेल तर उत्तमच.

नोकरीबद्दल तुझ्या वडिलांनी विचारलेलं रास्त आहे. खनिज शोधणाऱ्या कंपन्यांची भरती धातूंच्या भावाबरोबर वरखाली होते, आणि सुरुवातीची वर्षं बहुधा दूरच्या तळावर, ड्रिलिंगमधून आलेल्या कोअरची, म्हणजे खडकाच्या लांब दंडगोल नमुन्यांची, मीटरमीटरने नोंद करण्यात जातात. हे पचणार नसेल, तर आत्ताच विचार कर. पण पाणी आणि खडक यांचं हे रसायन भूऔष्णिक ऊर्जा, भूजल प्रदूषण, खाणींतलं आम्लयुक्त पाणी शुद्ध करणं, कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवणं, इथेही लागतं. त्यामुळे खाणींना मंदी आली तरी दुसरी दारं उघडी राहतात.

प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन दोन गोष्टी विचार: फील्डवर मुलांना स्वतः नकाशे बनवायला लावतात का, आणि सूक्ष्मदर्शकावर प्रत्येकाला किती वेळ बसू देतात. उत्तरं मिळाली की मला कळव, मग महाविद्यालयांची यादी आपण मिळून छाटू.