शाळेने कॅमेरे बसवले, दप्तरे तपासायला सुरुवात केली. एवढ्याने मुले सुरक्षित होतात का?

आपल्या मुलाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या दप्तरात चाकू सापडल्यावर शाळेने कॅमेरे बसवले, रोजची दप्तरतपासणी सुरू केली, आणि एवढे पुरेसे आहे का, असे आपण विचारले आहे. मी २१ वर्षे माध्यमिक वर्गांना शिकवले, त्यातली काही वर्षे शिस्त समितीवरही होते. माझ्या मते हे पुरेसे नाही.

तपासणीला माझा विरोध नाही. मात्र तपासणीत चाकू सापडतो, तो कशासाठी आणला होता हे सापडत नाही. आमच्याकडे नववीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीत ब्लेड सापडले आणि त्याला तडकाफडकी शाळेतून काही दिवस बाहेर ठेवण्यात आले. पुढे कळले की वरच्या वर्गातील तीन मुले त्याला स्वच्छतागृहाच्या दाराशी रोज अडवत असत, आणि तिकडे जावेच लागू नये म्हणून तो दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसे. पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली घरी येई आणि विसरभोळेपणाबद्दल आई त्याला रागवत असे. ब्लेडची गोष्ट निम्म्या वर्गाला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती आम्हा शिक्षकांना.

हे आमच्यापुरतेच होते असे नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत गोळीबार झाल्यानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांचे संरक्षण करणाऱ्या सरकारी यंत्रणेने) शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० या काळातील ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. २००२ च्या त्या अहवालानुसार ८१ टक्के घटनांत हल्लेखोराचा बेत किंवा विचार निदान एका व्यक्तीला आधी माहीत होता, आणि ती व्यक्ती बहुतेक वेळा त्याच्याच वयाची होती. ७१ टक्के हल्लेखोरांना आपल्याला छळले किंवा धमकावले गेल्याची भावना होती. 'असा दिसतो, असा वागतो तो धोकादायक' असे कोणतेही ठरावीक चित्र मात्र त्या अभ्यासात हाती लागले नाही, त्यामुळे अबोल मुलांकडे संशयाने पाहण्यात काही अर्थ नाही.

म्हणजे खरी माहिती मुलांपाशी असते, आणि ती मोठ्यांपर्यंत येते की नाही यावर बरेच काही अवलंबून असते. ती येत नाही याला मुख्यतः आपणच जबाबदार आहोत. कुणी काही सांगायला आले की 'चहाड्या करू नकोस' म्हणून आपण त्याला वाटेला लावतो, नाहीतर भर वर्गात 'अमक्याने मला सांगितले आहे' असे जाहीर करून त्याचे पुढचे सहा महिने कठीण करून ठेवतो (हे दुसरे पाप मीही केले आहे). कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे आणि कुणाला इजा होऊ नये म्हणून सांगणे यांतला फरक मुलांना समजावता येतो, पण सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहते हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असले तरच त्यांना तो पटतो.

पाहणाऱ्या मुलांचे बळही आपण कमी लेखतो. कॅनडातील संशोधकांनी मैदानावरील छळाचे प्रसंग चित्रित करून तपासले, तेव्हा पाहणाऱ्यांपैकी कुणी मध्ये पडल्यास निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबत असल्याचे दिसले. फिनलंडमधील 'किवा' हा शाळांतील छळ रोखण्याचा कार्यक्रम याच बघ्या मुलांना हाताशी धरून आखलेला आहे. हाणामारीत किंवा हत्यार दिसल्यावर मात्र मुलांनी मध्ये पडू नये, थेट मोठ्या माणसाकडे धाव घ्यावी. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

आपल्या मुलाला 'तुला कुणी त्रास देते का' असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर 'नाही' असेच येते. शाळेतील कोणत्या जागी जाणे तो टाळतो, ते विचारा. जिन्याचे वळण, मैदानाची मागची बाजू, बसमधील शेवटची बाके अशी नावे निघतील. पालकसभेत शाळेला विचारा की त्या जागी मधल्या सुट्टीत कोण उभे असते, आणि एखाद्या मुलाला काही सांगायचे असल्यास तो नेमका कुणाकडे, केव्हा जाऊ शकतो. ज्याच्याकडे चाकू सापडला त्या मुलाबद्दलही विचारा: तो कुणाला घाबरत होता का, याची चौकशी झाली का, आणि सध्या त्याच्याशी कोण बोलते आहे?