मिक्सरच्या कोणत्या आऊटपुटमधून काय जोडायचं? आणि स्पीकर घूं का करतात?

सोसायटीच्या गणपतीसाठी आठ चॅनलचा मिक्सर, दोन अ‍ॅक्टिव्ह (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले) स्पीकर, पार्किंगमधल्या चार भोंग्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि गाण्यांसाठी लॅपटॉप, एवढं सामान तुम्ही सांगितलंय. त्यावरून लिहितो.

अ‍ॅक्टिव्ह स्पीकर मेन आऊटलाच लावा, डावा आणि उजवा वेगळ्या वायरींनी. स्पीकरच्या मागचं माइक/लाइन बटण ‘लाइन’वर हवं, माइकवर राहिलं की फेडर (आवाजाची सरकपट्टी) जरा उचलताच आवाज फाटतो आणि बोल मिक्सरला बसतो. मेन आऊट मोठ्या जॅकचं (6.35 मिमी) असेल तर टीआरएस (टोक, रिंग, बूड असे तीन भाग असलेला जॅक) ते एक्सएलआर (तीन पिनांचा गोल प्लग) वायर घ्या. जॅकचं टोक एक्सएलआरच्या पिन 2 ला, मधली रिंग 3 ला, बूड 1 ला. पुण्यात तापकीर गल्लीत तयार मिळते, पण जॅकवरच्या काळ्या पट्ट्या मोजा: दोन असतील तर टीआरएस, एकच असेल तर साधा मोनो.

मिक्सरच्या ‘फोन्स’ म्हणजे हेडफोनच्या आऊटपुटला स्पीकर लावू नका. तिथे एकाच जॅकवर डावा-उजवा असे दोन सिग्नल असतात. स्पीकरचा बॅलन्स्ड इनपुट त्या दोघांमधला फरक घेतो, म्हणून मधोमध असलेला गायकाचा आवाज गायब होतो आणि मागे नुसतं पोकळ संगीत उरतं. लॅपटॉपला 3.5 मिमी ते एक एक्सएलआर वायर लावली तरी हेच होतं. 3.5 मिमी ते दोन मोनो जॅक घ्या आणि स्टिरिओ चॅनलच्या लाइन इनपुटला द्या.

भोंग्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला ऑक्स सेंड (मेनपेक्षा वेगळा, स्वतःच्या नॉबचा आऊटपुट) द्या, म्हणजे पार्किंगचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. मात्र तो ऑक्स ‘पोस्ट’ म्हणजे फेडरच्या नंतरचा हवा. ‘प्री’ असला तर माइकचा फेडर खाली ओढूनही आरतीनंतरच्या गप्पा पार्किंगभर ऐकू जातात! वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला जोडा, माइकच्या नव्हे. भोंगे 100 व्होल्ट लाइनवर (प्रत्येक भोंग्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर) असतील तर प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या टॅपच्या (जोडणीच्या) वॅटची बेरीज करा. चारही 15 वॅटवर म्हणजे 60. अ‍ॅम्प्लिफायर त्याहून मोठा हवा.

आता घूं. मिक्सर आणि स्पीकर वेगवेगळ्या पॉइंटवर असले की अर्थिंगचा लूप (वायरीच्या आणि प्लगच्या अर्थिंगमधून बनलेलं वेटोळं) तयार होतो आणि 50 हर्ट्झचा आवाज शिरतो. दोन्हींना एकाच बोर्डवरून लाइट द्या. पार्किंगचा अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या मीटरवर असणार, त्याच्या सिग्नलच्या वायरीत 1:1 ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल जाऊ देतो, अर्थिंगची जोड तोडतो) टाका. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज थांबला तर घूं लॅपटॉप ते मिक्सरच्या वायरीतून शिरतोय, तिथे डीआय बॉक्स (तसंच काम करणारी छोटी डबी) लावा. काही जण प्लगची अर्थिंगची पिनच तोडतात. मांडव भर पावसात असतो, माइक हातात असतो. हे अजिबात करू नका.

चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी, नाहीतर तो ‘ठप्प’ आवाज एखाद दिवशी ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) घेऊन जातो.